ट्रॉम्बेच्या भट्टीत काय काय जळलं

मुंबईची वीज मूळची पावसाची. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी कोकणात उतरवायचं आणि त्यावर गिरण्या चालवायच्या. स्वातंत्र्यानंतर शहराची भूक या पाण्याला भागेना, तेव्हा टाटांनी ट्रॉम्बेला खाडीकाठी औष्णिक केंद्र उभारलं. ते १९५६ साली सुरू झालं.

जागा नेमकी हेरली होती. वाफ थंड करायला खाडीचं पाणी होतं आणि शेजारीच माहुलला १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले होते. पेट्रोल-डिझेल काढून उरलेलं दाट काळं तेल त्यांच्याकडून मिळणार होतं. विदर्भातला कोळसा शेकडो किलोमीटर लांब होता. पुढे १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं आणि तिथला वायूही या बॉयलरमध्ये पोचला.

खरा कस लागला तो १९८४ च्या पाचव्या संचात. ५०० मेगावॉटचा हा देशातला पहिला संच. त्यात कोळसा, तेल, वायू तिन्ही जाळता येतात. हे सोपं नव्हे. कोळसा आधी पिठासारखा बारीक दळावा लागतो. तो वायूपेक्षा सावकाश जळतो, म्हणून भट्टी मोठी हवी. मागे राख उरते, ती धरायला वेगळी यंत्रणा हवी. त्यामुळे कोळशासाठी बांधलेल्या भट्टीत वायू जाळता येतो, पण वायूच्या भट्टीत कोळसा घालता येत नाही. नंतरचा सहावा संच तेल आणि वायूवरचा. तेल महागलं तेव्हा तो बराच काळ बंद ठेवावा लागला. पाचवा मात्र इंडोनेशियाच्या कोळशावर चालत राहिला, आणि २००९ मध्ये २५० मेगावॉटचा आठवा संचही कोळशावरच आला.

गंधक काढण्याची इथली रीत मला फार सुंदर वाटते. पाचव्या संचाचा धूर चिमणीत जाण्याआधी समुद्राच्या पाण्यानं धुतला जातो. धुरातला सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल होतो. समुद्राच्या पाण्यात मुळातच असलेले बायकार्बोनेट ते आम्ल मारतात. मग पाण्यात हवा सोडली की सल्फेट तयार होतं. समुद्राच्या दर लिटर पाण्यात सल्फेट आधीच सुमारे २.७ ग्रॅम असतं, त्यात ही भर अगदी थोडी.

पण नायट्रोजनची ऑक्साइडं अशी धुतली जात नाहीत आणि बारीक धूळही पुरती अडत नाही. चेंबूर-माहुलच्या हवेवर तेलशुद्धीकरण कारखान्यांचाही भार आहे. इतक्या दाट वस्तीशेजारी कोळसा जाळणं थांबायलाच हवं, असं मला ठामपणे वाटतं. मात्र १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई अंधारात गेली, तेव्हा बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती तोकड्या आहेत हे सगळ्यांनी पाहिलं. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. अशा वाहिन्या जितक्या लवकर वाढतील, तितक्या लवकर ट्रॉम्बेचा कोळसा बंद करता येईल.