पडद्याच्या कडेला हरवलेले अक्षर

शाळेच्या सभागृहात दूरचित्रवाणीचा मोठा संच मांडावा, शिक्षकाने आपला संगणक त्यास जोडावा, आणि पडद्यावर पहिलेच वाक्य उमटावे: ‘सत्य बोलणे हे पाप होय.’ मुलांत हशा पिकावा, शिक्षकाने गोंधळून संगणकाकडे पाहावे, तो तेथे वाक्य यथास्थित आहे: ‘असत्य बोलणे हे पाप होय.’ अगदी कडेला लिहिलेला ‘अ’ तेवढा नाहीसा झालेला! अशा वेळी मनुष्य प्रथम संगणकाला दोष देतो, मग तारेला, आणि अखेरीस दुरुस्ती करणाऱ्यास पाचारण करतो. वस्तुतः संगणक आणि तार ही दोन्ही बहुधा निर्दोष असतात. अडचण असते ती दूरचित्रवाणीच्या एका जुन्या सवयीची.

ही सवय काचेच्या चित्रनलिकेच्या काळातील आहे. भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९५९ मध्ये दिल्लीस सुरू झाले, मुंबईस ते १९७२ मध्ये आले. त्या काळच्या संचात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ रेखीत चित्र उभे करी. विजेचा दाब बदलला किंवा आतील भाग जुने झाले, की चित्राचा आकार कमी-अधिक होई. भोवती काळी किनार दिसू नये म्हणून कारखानदार चित्र चौकटीहून थोडे मोठेच आखीत, आणि त्याच्या कडा चौकटीआड दडत. कार्यक्रम तयार करणारेही हे जाणून असत. नावे आणि अक्षरे ते कडांपासून आत, सुरक्षित क्षेत्रातच ठेवीत. या प्रथेला ‘ओव्हरस्कॅन’ म्हणतात.

आज चित्रनलिका गेली, सपाट पडदा आला. परंतु कित्येक संच आलेले चित्र अजूनही किंचित फुगवून दाखवितात. चित्रपट पाहताना ते ध्यानातही येत नाही. संगणकाचे मात्र तसे नाही. त्याची महत्त्वाची खूण नेमकी कडेलाच असते. चित्र १९२० बिंदू रुंद आणि १०८० बिंदू उंच असून त्यातील शेकडा ५ भाग कापला गेला, तर डावी-उजवीकडे प्रत्येकी ४८, आणि वर-खाली प्रत्येकी २७ बिंदू लोपतात. तळाची पट्टी ४० बिंदूंची असेल, तर तिचा अर्ध्याहून अधिक भाग गेलाच! शिवाय उरलेले चित्र ताणले गेल्याने बारीक अक्षरांच्या शिरोरेषाही पुसट होतात.

म्हणून उपाय प्रथम दूरचित्रवाणीच्या संचातच करावा. रिमोट घेऊन चित्राच्या आकाराची निवड उघडावी. तेथे ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’, ‘फुल पिक्सेल’ किंवा ‘डॉट बाय डॉट’ यांपैकी एखादे नाव आढळते. नावे निरनिराळी, अर्थ एकच: आलेला प्रत्येक बिंदू जसाच्या तसा दाखवावा. ते न सापडल्यास, काही संचांत जोडणीच्या जागेस ‘पीसी’ असे नाव दिल्यानेही काम भागते.

त्यानंतर संगणकाकडे वळावे. ‘डिस्प्ले’ या सदरात पडद्याच्या मूळ मापाइतकेच माप निवडावे. फुल एचडी संचास १९२० गुणिले १०८०, फोर-के संचास ३८४० गुणिले २१६०. केवळ दोन्ही बाजूंस काळे पट्टे दिसत असतील, तर बहुधा ४:३ प्रमाणाचे चित्र १६:९ च्या पडद्यावर आले आहे, असे समजावे. तेही योग्य माप निवडल्याने जातात. चारही बाजूंस काळी चौकट असेल, तर संगणकानेच चित्र आखडून पाठविलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी चित्रनियंत्रणातील ‘अंडरस्कॅन’ शून्यावर आणावे.

संचात कोणतीच सोय नसेल, तरच संगणकावरून चित्र लहान करावे. कडा त्याने परत मिळतात, पण रेखीवपणा थोडा उणावतो. एकदा आखडलेले चित्र पुन्हा फुगविले जाते, हे त्याचे कारण.

नवा संच किंवा नवी तार विकत घेण्यापूर्वी रिमोटवर पाच मिनिटे खर्च करणे केव्हाही शहाणपणाचे. हरवलेला ‘अ’ बहुधा तेथेच सापडतो, आणि वाक्याचा अर्थही पूर्ववत सरळ होतो.