जिरैया गेला आणि नारुतो बदलला

(स्पॉयलर आहेत, 'नारुतो शिप्पूदेन' ही मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा.)

अ‍ॅनिमेमध्ये गुरू मेला की हिरो चिडतो, नवी शक्ती मिळवतो आणि खलनायकाला लोळवतो. 'नारुतो'चा जनक मासाशी किशिमोतोने नारुतोच्या बाबतीत निम्मी वाट हीच धरली. गुरू जिरैयाला खलनायक पेनने मारल्यावर नारुतो म्योबोकू पर्वतावर जाऊन सेज मोड ही नवी शक्ती शिकतो, परत येऊन लढतो, जिंकतोही. गंमत त्यानंतर आहे. पेनच्या देहांमागचा खरा माणूस, नागातो, समोर हतबल असतो, तरी नारुतो त्याला मारत नाही. आधी त्याची कहाणी ऐकून घेतो.

नागातोसुद्धा जिरैयाचाच शिष्य! हान्झो या निन्जाच्या कपटामुळे नागातोचा मित्र याहिको मेला आणि जगाला वेदना दिल्याशिवाय शांतता येणार नाही, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणजे गुरू एक, दुःखही तेवढंच, निवड मात्र उलटी. नारुतोला सावरतं ते जिरैयाचं पहिलं पुस्तक. त्यातल्या नायकाचंच नाव त्याला मिळालेलं असतं, आणि तो नायक हार मानत नाही.

नागातो शेवटी प्राण देऊन पेनच्या हल्ल्यात मेलेल्या नारुतोच्या गावकऱ्यांना जिवंत करतो. नारुतोचा आणखी एक गुरू काकाशीसुद्धा परत येतो! हे मला जरा स्वस्तातलं वाटतं. पण जिरैया परत येत नाही, म्हणून नारुतोच्या निर्णयाचं वजन टिकतं.

फिलर (मूळ कथेबाहेरचे भाग) खुशाल गाळा, पण 152 आणि 153 हे भाग गाळू नका. त्यांत मारामारी जवळपास नाही, फक्त नारुतोचं दुःख आहे.