व्यापारवाटेवरचे पाहुणे, लेखांक ५ : शिवनेरीच्या दोन पोढ्या

मागच्या लेखात आपण नाणेघाट चढून जुन्नरला पोचलो. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल याच वाटेने वर येई. मालाबरोबर परदेशी माणूसही आला का, आणि आला असेल तर त्याला ओळखायचे कशावरून? युरोपात अशा वेळी अंगावरच्या दागिन्याकडे पाहतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ब्रिटन, गॉल आणि ऱ्हाइनकाठी ससा, कुत्रा, घोडेस्वार अशा आकारांचे बोटभर ब्रोच वापरात होते. कांशाच्या ओतीव प्राण्याच्या अंगावर खळगे ठेवायचे, त्यांत लाल-निळ्या काचेची पूड भरून भाजायची, की रंग धातूला धरून बसे. मागे पिन. समुद्राकाठचे रानटी लोक तापल्या कांशावर रंग ओततात, असे तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्रॅटस सांगतो. म्हणजे ज्या मिनाकामाला आपण सरसकट ‘रोमन’ म्हणतो, त्याचे कारागीर साम्राज्याच्या कडेचे होते. वस्तूला आपण दिलेले नाव आणि ती घडवणाऱ्याची ओळख एक असेलच असे नाही.

जुन्नरच्या यवनाचा, म्हणजे तिथल्या परदेशी माणसाचा, माग काढताना ही सावधगिरी जास्तच लागते. ब्रोच हवा तो जाड लोकरी अंगवस्त्र खांद्यावर अडकवायला. आपल्याकडचा पोशाख नेसायचा, गुंडाळायचा, खोचायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातली दांपत्ये पाहिली की हे लक्षात येते. इथे राहिलेल्या परक्याने इथलेच वस्त्र नेसले असेल, तर त्याची पिन मातीत सापडेल कशी? खापरांचीही तीच गत. पश्चिम भारतातली, भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांची म्हणून नोंदलेली बरीच खापरे मेसोपोटेमियाकडच्या ‘टॉर्पेडो’ कुंभांची असल्याचे पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी दाखवून दिले. शिवाय कुंभ दहा हातांतून येतो; शेवटचा हात कुणाचा, हे तो सांगत नाही.

तो हात कुणाचा हे सांगणारा पुरावा जुन्नरला आहे, आणि तो डोंगरात कोरलेला आहे. इथल्या बौद्ध लेण्यांत यवनांचे तीन दानलेख आहेत. शिवनेरीवर ‘गत’ म्हणवणाऱ्यांपैकी इरिल नावाच्या यवनाने ‘बे पोढियो’, म्हणजे पाण्याची दोन टाकी दिली. तिथेच चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीच्या डोंगरात चंद नावाच्या यवनाने ‘गभदार’, म्हणजे गर्भद्वार दिले. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्यातला ‘बे’ आपण ‘बे एके बे’ म्हणताना आजही उच्चारतो. दान इथल्या संघाला, शब्द इथले, आणि तरीही नावाआधी ‘यवन’ हा शब्द आवर्जून कोरलेला. आपले वेगळेपण न लपवता हे दाते इथले झाले होते, असा याचा अर्थ मी लावतो.

यावर आक्षेप येतो की ‘यवन’ म्हणजे रोमन कशावरून? आक्षेप रास्त आहे, आणि मीही तसे म्हणत नाही. नाशिकच्या लेण्यात स्वतःला ‘योणक’ म्हणवणारा दाता उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा आहे आणि त्याचे नाव इंद्राग्निदत्त आहे. उलट टोकाला प्राच्यविद्या-अभ्यासक स्टेन कोनो यांनी ‘गत’ म्हणजे युरोपातले गॉथ असा तर्क मांडला होता. तो केवळ उच्चाराच्या साम्यावर उभा असल्याने फार वजन पेलत नाही. दुसरा आक्षेप कोल्हापूरचा : ब्रह्मपुरीला समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली, मग वस्तूला कमी का लेखायचे? कमी लेखत नाही. तिच्याकडून तिला ठाऊक असेल तेवढेच विचारावे. ती मूर्ती कोल्हापूरपर्यंत पोचली आणि कुणीतरी तिला जपले, एवढे ती खात्रीने सांगते. जपणारा कोण होता, हे मात्र तिला सांगता येत नाही.

म्हणून मला त्या दोन पोढ्या सर्वांत बोलक्या वाटतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात पाऊस कोसळतो, आणि उन्हाळ्यात तिथल्याच वाड्या-वस्त्यांना पाण्यासाठी वणवण करावी लागते. कातळ खोदून पावसाळ्याचे पाणी धरून ठेवावे, हे एका मुक्कामात सुचण्याजोगे नाही. इरिल कोणत्या देशातून आला हे त्याचा लेख सांगत नाही. पण शिवनेरीवर राहणाऱ्या भिक्षूला कशाची निकड आहे हे त्याला पक्के कळले होते. पुढच्या लेखात नाशिकच्या इंद्राग्निदत्ताकडे वळू.