पूर्णविरामापुढची जागा

साताऱ्याच्या छत्रपतींच्या काळातले मोडी पत्र उघडले की आधी डोळ्यांत भरते ती या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलेली रेघ. अक्षरे तिला खालून टांगायची. शब्द कुठे तुटला, वाक्य कुठे थांबले, हे कागद सांगत नाही. ते वाचणाऱ्याने अर्थाच्या ओघात ओळखायचे.

मिरजेत गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. अख्खे पान एकसंध कोरलेले, त्यामुळे एकदा सुटली ती जागा सुटली. पुढे सरकवणे नाही. वाक्य कुठे थांबले हे दाखवणारी विरामचिन्हे मराठी गद्यात पुढे रुजवली मेजर थॉमस कँडी यांनी. त्यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० ची.

शिशाचे खिळे आले आणि रिकाम्या जागेला वजन आले. कंपोझिटर अक्षराचा खिळा उचलायचा तसाच स्पेसचाही. स्पेस अक्षरापेक्षा ठेंगणी, म्हणून शाईचा रूळ तिला शिवत नसे. ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये ती सैल पडली की पातळ स्पेस काढून जाड घालायची, मग बोटाने दाबून पाहायचे. इंग्रजी छापखाने एकोणिसाव्या शतकात वाक्यानंतर चांगली रुंद जागा सोडत. विसाव्या शतकात ती आखडत गेली. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, १९७६ मध्ये वाईहून मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला. अशा कामांच्या लेखक-संपादकांची नावे आपल्याला पाठ असतात, ओळी जुळवणाऱ्या जुळाऱ्यांची नसतात. मला ही उणीव फार सलते.

टाइपरायटरवर जागा म्हणजे अंगठ्याचा ठोका. 'm'ला आणि 'i'ला सारखीच रुंदी, त्यामुळे वाक्याचा शेवट नजरेत भरावा म्हणून इंग्रजी टायपिंगच्या क्लासात पूर्णविरामानंतर स्पेसबार दोनदा दाबायला शिकवत. मराठी मशीनवर 'ख', 'भ' उमटवायला अर्ध्या अक्षराला काना जोडावा लागे. बोटे आधीच दमलेली असत. गोदरेजची ही यंत्रे अखेरीस सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला बनत. २००९ मध्ये ते उत्पादन थांबले.

संगणकात प्रत्येक अक्षर आपली रुंदी घेऊन येते, त्यामुळे दुसऱ्या ठोक्याचे कारणच उरले नाही. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्ड दुहेरी स्पेसला चूक म्हणून दाखवू लागले. हा निर्णय मला पटतो. आपल्या मराठीचे दुखणे मात्र वेगळे आहे. मोबाइलवर 'आहे .' असे शब्द सोडून लांब टिंब देतात आणि पुढचे वाक्य त्याला चिकटवतात. मग ओळ मोडते तेव्हा ते टिंब खालच्या ओळीच्या तोंडाशी जाऊन बसू शकते. तेव्हा एवढे कराच: पूर्णविराम शब्दाला लागून द्या आणि त्याच्यापुढे एक जागा सोडा.