इंद्रवेल्लीचे गोंड : जमीन, भाषा आणि सीमा

सहारातील तुआरेग हा मुस्लिम पशुपालक समाज वसाहतवादी सत्ता गेल्यावर माली, नायजर, अल्जेरिया, लिबिया अशा देशांत विभागला गेला. मालीतील तुआरेग बंडखोरांनी २०१२ साली ‘अझवाद’ हे स्वतंत्र राष्ट्र घोषित केले. २०१५ चा शांतता करार तेथील लष्करी राजवटीने जानेवारी २०२४ मध्ये संपुष्टात आणला. आदिलाबादच्या गोंडांची मागणी वेगळ्या राष्ट्राची नाही. तथापि इतरांनी आखलेल्या सीमांचा फटका त्यांनाही बसला आहे.

निजामी राजवटीत राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या बहुसंख्य गोंडांकडे पट्टा नव्हता. दफ्तराची भाषा उर्दू, आणि ती त्यांना वाचता येत नव्हती. जमिनी बळकावणाऱ्या सावकार-व्यापाऱ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते, हे मान्य केले पाहिजे. १९४० साली जोडेघाट येथे कोमुरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले, त्यानंतर हैदराबाद सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना पाहणीसाठी पाठविले. त्यांच्या प्रयत्नाने मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार होऊ लागले. गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत निघाली, कारण या मुलखात मराठीचा वावर होता. १९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात गेले, उट्नूर-इंद्रवेल्ली आंध्र प्रदेशात राहिले. सोयरे तेच, पण एकीकडे शाळा मराठी, दुसरीकडे तेलुगू. गोंडी दोन्हीकडे घरातच राहिली.

अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, असा कडक कायदा १९७० साली झाला. जमीन जायची ती जातच राहिली. त्यातच १९७६ च्या कायद्याने तेलंगणातील लंबाडा अनुसूचित जमातींत आले. महाराष्ट्रात हाच समाज विमुक्त जातींत मोडतो, त्यामुळे सीमा ओलांडून येण्यास कारण मिळाले, अशी गोंडांची तक्रार आहे. लंबाडाही गरीबच, वाद दोन गरिबांत लागला.

२० एप्रिल १९८१, सोमवार, इंद्रवेल्लीचा बाजारदिवस. गिरिजन रयतु कुली संघाच्या सभेला परवानगी नाकारली होती, तरी जमिनीच्या प्रश्नासाठी गावोगावचे आदिवासी आले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा. नागरी हक्क संघटनांचा त्याहून पुष्कळ मोठा. मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तूप पुढे पाडण्यात आला व पुन्हा बांधावा लागला. त्या तारखेला अनेक वर्षे जमावबंदी असे.

इंद्रवेल्ली मंडलातच केसलापूर आहे. तेथे नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांसमोर दरबार भरतो. ही प्रथा हैमेनडॉर्फ यांच्या काळापासूनची. आदिवासी तेथे आपली गाऱ्हाणी मांडतात, आणि त्यांत जमिनीच्या पट्ट्याचे गाऱ्हाणे असतेच.