चक्रीवादळाच्या नकाशातली रेष म्हणजे धोक्याची हद्द नव्हे

बेळगाव : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचे दिवस. कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की व्हॉट्सअॅपवर नकाशे फिरू लागतात. ‘रेष गोव्यापासून लांब आहे, काळजी नको’ असे म्हणून लोक मोकळे होतात. गफलत होते ती इथेच.

ती रेष वादळाच्या फक्त केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवते. वारा आणि पाऊस मात्र केंद्रापासून शेकडो किलोमीटरपर्यंत पसरलेला असतो. मे २०२१ मधले ‘तौक्ते’ आठवा. १६ मे रोजी पहाटे त्याचे केंद्र पणजीपासून सुमारे १३० किमीवर, समुद्रात होते. ते गोव्याच्या किनाऱ्यावर आलेच नाही; १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये दीव-उनाजवळ धडकले. तरीही गोव्यात झाडे आणि विजेचे खांब कोसळले, दोघांचा बळी गेला, अनेक भागांत वीज गुल झाली.

माग कसा काढतात?

भर समुद्रात हवामान केंद्रे नाहीत. त्यामुळे मुख्य भिस्त इन्सॅट उपग्रहांवर. ढगांची गुंडाळी कशी आणि किती घट्ट आहे, यावरून केंद्राची जागा आणि वाऱ्याचा वेग ठरवला जातो. वादळ किनाऱ्याजवळ आले की पणजी, मुंबईची डॉप्लर रडार कामी येतात. सुरुवातीला केंद्रच नीट जमलेले नसते, म्हणून तेव्हाचे अंदाज जास्त बदलतात.

वाऱ्याचा वेग ताशी ३१ किमी झाला की ‘डिप्रेशन’ आणि ६२ किमी झाला की चक्रीवादळ. नाव मिळते ते तेव्हाच. पण नाव पडले नाही म्हणजे समुद्र शांत आहे, असे नव्हे.

शंकूचा अर्थ काय?

रेषेभोवतीचा शंकूसारखा पट्टा पुढे रुंद होत जातो. वादळ मोठे होणार, असा त्याचा अर्थ नाही. जितक्या पुढचा अंदाज, तितकी चुकीची शक्यता जास्त, एवढेच तो सांगतो. केंद्र त्या पट्ट्यात कुठेही असू शकते.

घाटाला अडलेले ओले वारे खानापूर, चोर्ला परिसरातही जोरदार पाऊस पाडू शकतात. म्हणून नकाशा आला की आधी त्यावरची तारीख-वेळ पाहावी, हवामान खात्याच्या ताज्या पत्रकाशी ताडून घ्यावी आणि आपल्या जिल्ह्याचा इशारा वाचावा. मच्छीमारांनी तर रेष न पाहता समुद्रात न जाण्याचा इशाराच प्रमाण मानावा.