वेगवान मोटरबोट आणि तिचा तळ

मंडळी, मोटरबोट म्हटली की आपले लक्ष आधी तिच्या यंत्राकडे जाते. यंत्र किती घोड्यांचे, बोट ताशी किती मैल पळते, असे आपण विचारतो. पण जाणता होडी बांधणारा विचारील, "तळ कसा आहे ते आधी सांगा." हा प्रश्न वेगाचा आहे, तसाच जीवाचाही आहे. तो का, ते आज पाहू.

साधी होडी पाणी बाजूला सारीत पुढे जाते. चालताना तिच्या नाळेपाशी लाट उठते. वेग वाढवावा तशी ही लाट लांबत जाते, आणि शेवटी होडीच्याच लांबीएवढी होते. याहून जोर केला, तर होडीची मागली बाजू लाटेच्या खळग्यात उतरते. मग होडीला आपल्याच लाटेचा चढ चढावा लागतो. भरल्या गाडीला घाट लागावा, तसे होते. पाण्याच्या रेषेवर 25 फूट भरणाऱ्या होडीला ही हद्द ताशी सुमारे साडेबारा किलोमीटरांवर लागते. तिथे दुप्पट जोराचे यंत्र बसवले तरी वेग दुप्पट होत नाही. तेल मात्र जळते.

यातून सुटायचे कसे? पाण्यातून न जाता पाण्यावरून पळायचे. तळ्यात चपटी खापरी तिरकस भिरकावली तर ती टप्पे घेत जाते, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पाणी हवेच्या सुमारे 800 पट घन. तिरक्या तळाने ते वेगाने खाली रेटले, की तेच पाणी तळाला वर उचलते. बोट वर आली म्हणजे तिचा थोडाच भाग पाण्याला घासतो, आणि ती मोकळी पळू लागते.

पण यासाठी मागचा तळ सपाट आणि त्याची कड धारदार हवी. गोलाईचा तळ इथे घात करतो. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात हे जरूर दाखवावे. चमचा दांडीच्या टोकाशी सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला हळूच टेकवा. धार चमच्याला दूर ढकलील असे मुलांना वाटेल. पण चमचा उलट धारेतच ओढला जातो. गोल बुडाच्या होडीची मागली बाजू वेगात अशीच पाण्यात खेचली जाते.

मग सगळ्याच बोटींचा तळ पाटासारखा सपाट का करू नये? शांत पाण्यावर तो उत्तम. तो थोड्या जोरात वर येतो, उथळ पाण्यातही चालतो. पण लाटा उठल्या की तो धाडधाड आपटतो. माणसांचे कणे आणि बोटीचे सांधे दोन्ही खिळखिळे होतात. शिवाय वळताना पाण्यात रुतायला त्याला धारच नाही, म्हणून तो आडवा घसरतो.

यावर अमेरिकेतील आराखडाकार रेमंड हंट यांनी उपाय काढला. तळ नाळेपासून मागच्या टोकापर्यंत नांगराच्या फाळासारखा खोल, उतरता ठेवायचा. रिचर्ड बर्ट्रम यांनी अशी एक बोट 1958 साली लाटांतून पळताना पाहिली आणि तशीच मोठी बांधवून घेतली. तिचे नाव 'मॉपी'. 1960 साली मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात झाली आणि ती 'मॉपी'ने जिंकली. असा तळ लाट कापतो आणि वळणावर धरून राहतो. मात्र त्याला यंत्र जोरदार लागते, आणि उभी असता बोट दोन्ही बाजूंना डोलते. म्हणून पुष्कळ बोटींचा तळ पुढे धारदार आणि मागे सपाटीकडे झुकणारा ठेवतात.

तळ चांगला असूनही ओझे चुकले तर काम बिघडते. भार फार मागे गेला, तर नाळ वरखाली उसळू लागते. फार पुढे आला, तर नाळ पाण्यात रुतते आणि बोट एकाएकी भलतीकडे वळते.

फार मोठ्या वेगात तर हवाही हिशेबात धरावी लागते. इंग्लंडचे डोनाल्ड कॅम्बेल यांची 'ब्लूबर्ड' ही जेट यंत्राची बोट वेगात केवळ तीन ठिकाणी पाण्याला टेकत असे. पाण्याचे घर्षण जवळजवळ संपले; पण नाळ जरा उचलली की तिच्याखाली हवा शिरायची. 4 जानेवारी 1967 रोजी कॉनिस्टन तलावावर पहिल्या फेरीत तिने ताशी 297 मैलांचा वेग गाठला. परतीच्या फेरीत नाळ उचलली, बोट हवेत उलटली, आणि कॅम्बेल प्राणास मुकले.

सगळ्या पाण्याला चालेल असा एकच तळ नाही. तेव्हा वेगवान बोटीत बसण्याचा किंवा गावासाठी बोट घेण्याचा प्रसंग आला, तर यंत्राचे घोडे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा: पाणी कसले, ओझे किती आणि कुठे, आणि तळ त्याजोगा आहे काय?